तिसऱ्या मजल्यावरची हाक

आमच्या बिल्डिंगचं नाव ‘शांतिनिवास’. हे नाव देणाऱ्या बिल्डरने तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंना ऐकलेलं नव्हतं, हे उघड आहे.

बाई म्हणजे ठाण्यातल्या एका मुलींच्या शाळेतल्या पी.टी.च्या बाई. रिटायर होऊन जमाना झाला, पण आवाज काही रिटायर झालेला नव्हता. डोंबिवलीत मानपाडा रोडवरून आत वळलं की आमची गल्ली. गल्लीच्या तोंडाशी रिक्षातून उतरलं तरी बाई आज कोणाला झापतायत ते कळायचं. साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट, मनगटावर पुरुषी घड्याळ आणि गळ्यात काळ्या दोरीत ओवलेली पितळी शिट्टी. नव्याने राहायला आलेली एखादी बाई विचारायचीच, “तुम्ही लग्न का नाही केलंत हो?” बाईंचं उत्तर ठरलेलं. “एवढ्या लांबून ओ देणारा भेटला नाही.”

मुलींची नावं हा बाईंचा खास विषय. त्यावर त्यांची स्वतःची एक थिअरी होती आणि ती ऐकल्याशिवाय कुणाची सुटका नसायची. “नाव पाळण्यात ठेवतात,” त्या म्हणायच्या, “पण ते चालतं की नाही ते गॅलरीत कळतं. तिसऱ्या मजल्यावरून हाक मारायची. खाली गेटपर्यंत पोचली तर नाव. नाही पोचली तर नुसतं डेकोरेशन.”

त्यांच्या मते मुलींच्या नावांचा सुवर्णकाळ म्हणजे आमची पिढी. आमच्या आईबापांनी नावं ठेवताना डोकं म्हणून चालवलंच नाही. सुनीता, अनिता, संगीता, विनिता. शेवटी ‘ता’ आला की झालं बारसं. नाहीतर मग वंदना, अर्चना, कल्पना, भावना. हजेरी घेतली तरी आरती म्हटल्यासारखं वाटायचं. पण बाई या नावांवर फिदा होत्या. “शेवटी ‘आ’ आहे ना! तोंड उघडतं. तोंड उघडलं की आवाज सुटतो. सुनीताऽऽ म्हण, बघ कसा बॉल गेल्यासारखा जातो. एकदम बाउंड्री!”

हे मी छातीठोकपणे सांगतेय, कारण तो बॉल मी शाळेत सात वर्षं झेललाय.

आमच्या वर्गात पाच सुनीता होत्या. बाई ग्राउंडच्या एका टोकाला उभ्या राहून हजेरी घ्यायच्या आणि आम्ही दुसऱ्या टोकाला, भिंतीला चिकटून. ‘हजर’ म्हणायचं नाही, ‘प्रेझेंट’ तर नाहीच. “हाकेला ओ देतात, ओ! प्रेझेंट ऑफिसात म्हणतात!” पाच सुनीतांचा घोळ होऊ नये म्हणून त्यांनी आम्हाला आडनावांऐवजी टोपणनावं लावली. सुनीता वेणी, सुनीता चष्मा, सुनीता डावरी, सुनीता धावती. आणि पाचवी मी. माझ्यापाशी येऊन बाई थांबल्या, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, “तुझ्यात अजून काही सापडत नाही गं. सापडलं की सांगते. तोवर नुसती सुनीता.”

आता मला सांगा, नऊ-दहा वर्षांच्या पोरीला असं म्हणतात का? मी दहावीपर्यंत वाट बघितली. वेणी केसांना लावायच्या नव्या तेलावर गप्पा मारायची, चष्मा मिरवायची, धावती तर जिल्ह्याला जाऊन आली. मी आपली नुसतीच. त्यात माझी ओ म्हणजे मांजरीने जांभई दिल्यासारखी. “पोटातून!” बाई तिकडून ओरडायच्या. “घशातून नाही, पोटातून! डबा खाल्लास ना?” अख्खं ग्राउंड हसायचं. शाळा सुटली तेव्हा बाकीच्या मुली रडत होत्या आणि मला मनातून उकळ्या फुटत होत्या की चला, सुटले एकदाची.

कुठली सुटतेय? लग्न होऊन शांतिनिवासात आले, पहिल्या मजल्यावर. आणि तिसऱ्या मजल्यावर कोण?

पण ते मला लगेच कळलं नाही. बाई तेव्हा शाळेच्या मुलींचं शिबिर घेऊन बाहेरगावी गेलेल्या, आणि मी तर आता सुनीता राहिलेलेच नव्हते. आमच्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलायची पद्धत. ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्याने अंगठीने त्यात नवं नाव लिहायचं. सासूबाईंचं म्हणणं तसं व्यवहारी होतं. “बिल्डिंगमध्ये आधीच तीन सुनीता आहेत. चौथी आली तर पोस्टमन वेडा होईल.” म्हणून ह्यांनी तांदळात लिहिलं, ‘रेवती’. अक्षर बरं होतं. नावही वाईट नव्हतं. पण माझ्या कानाला कुणी ते सांगितलंच नव्हतं! सासूबाई स्वयंपाकघरातून हाक मारायच्या, “रेवती, दूध बघ!” आणि मी दुधासमोरच उभी राहून विचार करायचे, ही रेवती कुठे उलथलीय. दूध रोज उतू. सासूबाईंनी एकदा ह्यांना बाजूला घेऊन विचारलं, “अरे, मुलीच्या कानात काही दोष आहे का? माहेरच्यांनी लपवलं तर नाही ना?”

आणि मग तो रविवार. मी गेटपाशी भाजीवालीकडे कोथिंबीर घेत होते. वरून हाक आली.

“सुनीताऽऽ!”

काय सांगू तुम्हाला! तीन गॅलऱ्यांची दारं एकदम उघडली. एकीच्या हातात लाटणं, एकीच्या डोक्याला टॉवेल, एकीच्या तोंडात घास. आणि खाली गेटपाशी, कोथिंबिरीची जुडी हवेत धरून, मी. “ओऽऽ!”

तोंडातून निघूनच गेली हो. चौघींची ओ एकदम गेली. भाजीवालीने कानावर हात ठेवले. वर बाई कठड्यावर वाकून बघतायत. “तिघी माहीत आहेत. ही चौथी कोण?” मी मान वर केली. तेच बूट, तीच शिट्टी. “नुसती!” बाई वरूनच ओरडल्या. “तू नुसती ना गं? इथे काय करतेस?”

त्या तडक आमच्या घरी आल्या. सासूबाईंनी पुढे केलेली खुर्ची न घेता कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, “वहिनी, तुमच्या सुनेचे कान ठणठणीत आहेत. तुम्ही हिला दुसऱ्याच कुणाच्या तरी नावाने हाक मारताय.” सासूबाई काही बोलणार तेवढ्यात, “पोस्टमनचं मी बघते.” झालं! सासूबाईंनी हात जोडले. “बरं बाई, चौथी तर चौथी.” दूध उतू जायचं थांबलं. ताटातले तांदूळ तर कधीच भात होऊन पोटात गेले होते.

मला त्या दिवशी बाथरूममध्ये जाऊन रडू आलं. आनंदाने. हरवलेली छत्री कुणीतरी घरी आणून द्यावी तसं माझं नाव बाईंनी मला परत आणून दिलं होतं. जाताना दारात थांबून त्यांनी मला परत एकदा वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “अजून काही सापडत नाही बघ,” म्हणाल्या आणि जिना चढून गेल्या.

बाईंचा आत्या म्हणून धंदा (त्याच धंदा म्हणायच्या, मिळायची फक्त साडी) आमच्याच घरून सुरू झाला. मुलगी झाली. बाराव्या दिवशी बारसं. बारशात बाळाच्या कानात कुर्रर्र करून नाव सांगायचा मान आत्याचा, म्हणजे बापाच्या बहिणीचा. आणि हे तर एकुलते एक! सासूबाई लांबच्या नात्यातली कुठली तरी आत्या खणून काढत होत्या, तर बाईच म्हणाल्या, “मी होते आत्या. माझ्या गल्लीतला आहे, भाऊच झाला. पण आधी नाव तपासणार.”

मला ‘मृण्मयी’ ठेवायचं होतं. बाईंनी ह्यांना खाली गेटपाशी उभं केलं आणि गॅलरीतून हाक मारली. मग मला म्हणाल्या, “ऐकलंस? दुसऱ्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या चादरीत अडकलं.” खालून हे ओरडून विचारतायत, “झाली का मारून?” मग मी दुसरं नाव काढलं, सायली. बाईंनी हाक मारली, ‘सा’लाच तोंड उघडलं आणि ह्यांनी खालून पंचासारखा हात वर केला. सायली झाली.

बारशात नाव सांगताना बाकीच्या बायका आत्याच्या पाठीत धपाटे घालतात, ही रीत तुम्हाला माहीत असेल. लटके असतात. पण बिल्डिंगमधल्या आम्ही चारही सुनीता त्या दिवशी अशा काही तुटून पडलो की विचारू नका. सात वर्षांच्या उठाबशांचा हिशेब होता तो माझा. बाई कुर्रर्र करून वळल्या आणि म्हणाल्या, “चला, कुणालाही स्ट्रेंथ नाही.” आमचेच हात दुखत होते.

मग काय, नाव झालं. ज्याची बहीण अमेरिकेत, ज्याला बहीणच नाही, ज्याचं बहिणीशी पटत नाही, तो येऊन बाईंची बेल वाजवणार. एकेका पोराचा जमाना. आत्यांचा दुष्काळच पडलेला! मागच्या चाळीतल्या गायकवाडांकडे त्रिसरण-पंचशील झालं, खीर वाटली गेली आणि नागपूरच्या आत्याची गाडी काही पोचेना, तेव्हा बाईंनाच बोलावणं आलं. गायकवाडांनी नाव काढलं ‘सुजाता’. बाई तर नाचायच्याच बाकी होत्या. “सुजाता! आजच्या काळात सुजाता! अगं हे नाव तर स्टेशनपर्यंत जाईल!” कल्याणला जायच्या, ठाण्याला जायच्या. एकदा माजिवड्याच्या एका टॉवरमध्ये बोलावलं, बाविसाव्या मजल्यावर. गॅलरीतून खाली बघितलं आणि म्हणाल्या, “इथून हाक मारली तर ती खाली पोचेपर्यंत पोरगी कॉलेजात जाईल.” तरी गेल्याच. आणि साडीही घेतली.

नव्या नावांशी मात्र त्यांचा उभा दावा. समोरच्या विंगमधलं एक जोडपं ‘कियारा’ घेऊन आलं. बाईंनी नियमाप्रमाणे गॅलरी गाठली. “कियाराऽऽ!” एक दार उघडलं नाही. एक मान वर झाली नाही. फक्त खालून भाजीवाली ओरडली, “आज नाय गो! उद्या आणते!”

हाक गेटपर्यंत पोचली खरी, पण भाजी म्हणून! हसून हसून आमची मुरकुंडी वळली. ते बिचारं जोडपं लाल झालेलं. पण बाईंचं एक होतं. हसून झालं की त्या डोळे पुसून विचारायच्या, “तुम्हाला हेच ठेवायचंय? नक्की?” आणि नक्की असेल तर बारशात तेच नाव, जसंच्या तसं, बाळाच्या कानात. “नाव आईबापांचं,” त्या म्हणायच्या, “आपला फक्त आवाज.”

तो आवाज गेल्या वर्षी बसला.

आधी आम्हाला वाटलं, सर्दी. मग वाटलं, एसी. मग नौपाड्यातल्या घशाच्या डॉक्टरकडे मीच घेऊन गेले. दवाखान्यात गर्दी. बाई घोगऱ्या आवाजात मला नर्सच्या उभं राहण्यातल्या चुका सांगत होत्या. नर्स मास्कच्या आतून नाव पुकारत होती. “कुसुम.” कुणी उठलं नाही. “कुसुम आहेत का?” बाई म्हणाल्या, “बघ, ही काय हाक झाली? पेशंट मेला तरी उठणार नाही.” शेवटी नर्स आमच्यापाशीच आली. “आजी, तुमचंच नाव घेतेय मी मघापासून.”

बाईंनी आधी डावीकडे बघितलं, मग उजवीकडे. मग म्हणाल्या, “अरे हो.”

सगळ्या गावाला ओ द्यायला लावणारी बाई, तिला स्वतःच्या नावाला ओ देता आली नव्हती. आणि मलाही ते नाव तेव्हाच कळत होतं! एवढी वर्षं एका जिन्याने चढतोय. शाळेत त्या बाई, बिल्डिंगमध्ये आत्या, दारावरच्या पाटीवर आडनाव आणि खाली ‘शारीरिक शिक्षण’. आम्हाला कुणाला प्रश्नच पडला नव्हता.

बाहेर पडून एका हॉटेलात आम्ही पियूष प्यायलो. डॉक्टरने थंड बंद सांगितलं होतं, म्हणून बाईंनी दोन मागवले. डॉक्टरने ऑपरेशनही सांगितलं होतं, आणि नंतर आवाज कितपत राहील ते आता सांगता येत नाही, असंही. बाई नुसतं पियूष ढवळत बसल्या होत्या. म्हणून मी मुद्दाम चिडवायला गेले. “काय हो बाई, कुसुम! शेवटी तोंड मिटतं की! तुमच्याच परीक्षेत तुमचं नाव नापास!”

“म्हणून तर कुणाला सांगितलं नाही,” बाई म्हणाल्या. मग मिशीसारखं लागलेलं पियूष पुसून म्हणाल्या, “आईला मात्र जमायचं. कल्याणला माडीवर राहायचो आम्ही. मी सदा काळ्या तलावाच्या बाजूला उंडारत असायची. आई माडीवरून हाक मारायची, कुसूऽऽ! शेवटचा ‘म’ गाळून टाकायची. बरोब्बर यायची हाक. आई गेली. बाबा नुसतं ‘अगं’ म्हणायचे. मग शाळा लागली. ते नाव तसंच पडून राहिलं बघ. वापरच नाही.”

ऑपरेशन नीट झालं. आवाज गेला. म्हणजे अगदीच गेला नाही. सायकलच्या ट्यूबमधून हवा निघावी तेवढा उरला. बोलायला लागल्या की कान त्यांच्या तोंडाशी न्यावा लागायचा. सुरुवातीला आम्ही गंमत केली. शिट्टीची भाषा ठरवली, एक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. सेक्रेटरीबाई, म्हणजे आमच्यातलीच एक सुनीता, मेंटेनन्स वाढवायचं विचारायला गेल्या तर बाईंनी दोनदा अशी शिट्टी मारली की गल्लीतला रिक्षावाला ब्रेक लावून थांबला. पण हळूहळू शिट्टीही थांबली. गॅलरीचं दार लागलं ते लागलंच. शांतिनिवास खरोखरच शांत झालं आणि तुम्हाला सांगते, ती शांतता अंगावर यायची. कुणाचं लक्ष कामात लागेना. आम्ही चौघी उगाच गॅलरीत येऊन वर बघायचो आणि आत जायचो.

इकडे सायली बाळंतपणाला माझ्याकडे आलेली. मुलगी झाली. जावईबापू एकुलते एक. आमच्या नशिबातच आत्या नाहीत! पण इथे प्रश्न नव्हता, सायलीने आधीच सांगून ठेवलं होतं, “माझी आत्या तीच माझ्या मुलीची आत्या.” मी वर गेले आमंत्रण द्यायला.

बाईंनी दार अर्धवट उघडलं. शिट्टी दाराआडच्या खिळ्याला टांगलेली. मी कान पुढे केला.

“दुसरी आत्या बघ,” त्या म्हणाल्या. “माझ्यात आता हाक राहिली नाही.”

“अहो, नाव कानातच तर सांगायचंय! तिथे कुठे ओरडायचंय?”

त्यांनी मान हलवली. “हाक नाही तर मी कोण गं? शिट्टी गळ्यात अडकवलेली म्हातारी.” आणि दार लावून घेतलं.

मी जिन्यातच बसून राहिले. राग आला, रडू आलं, सगळं एकदम. कोण म्हणे! मला कोण ते तुम्ही सांगितलंत आणि आता स्वतःच विचारताय कोण? पण हे दाराला काय सांगायचं.

बारशाचा दिवस उजाडला. पाळण्याला झेंडूच्या माळा, घुगऱ्या शिजलेल्या, बायका नटून बसलेल्या. सायली पाळण्यापाशी ठाण मांडून बसली. “आत्या आल्याशिवाय नाव नाही. राहू दे तिला बिननावाची.” माझीच मुलगी ती, हटणार थोडीच! पाहुण्या कुजबुजायला लागल्या. मी वर गेले, बेल वाजवली. उत्तर नाही. दार वाजवलं. नाही. दुसरी सुनीता साडी दाखवून आली, तिसरी घुगऱ्यांचा वास देऊन आली. सेक्रेटरीबाई म्हणाल्या, “दार तोडायला सोसायटीची परवानगी लागते.” तिला म्हटलं, गप बस गं बाई.

आणि मग माझ्या डोक्यात आलं. बेल काय वाजवतेस वेडे? या बाईला कधी कुणी बेलने बोलावलंय? ज्या बाईने जन्मभर गॅलरीतून माणसं बोलावली तिला बोलवायचं तर गॅलरीखालूनच.

मी पैठणी खोचली आणि खाली गेटपाशी गेले. मागोमाग बाकीच्या तिघी. मान वर करून हाक मारली, “बाईऽऽ!” चार मजल्यांवरच्या सगळ्या बायका बाहेर आल्या, धुणंभांडीवाली पण आली. बाई नाहीत. “आत्याऽऽ!” बंद दार. मग धीर करून, “कुसुमबाईऽऽ!” दुसऱ्या मजल्यावरचे काका डोकावून म्हणाले, “कोण कुसुमबाई? पाण्याचं बिल आलंय का?” मिटलं ते तोंड. शेवटच्या अक्षराला हाक गुदमरून जिन्यातच पडली असणार. बाईंची थिअरी शंभर टक्के खरी होती.

आता एकच राहिलं होतं. पण जीभ रेटेना हो! पी.टी.च्या बाई त्या. अजूनही त्या समोर आल्या की माझी पाठ आपोआप ताठ होते. त्यांना एकेरीत? नावाने? आणि तेही निम्म्या? बाजूच्या सुनीता म्हणतायत, “अगं काय करतेस? मारतील तुला!” मी डोळे मिटले. पाय जमिनीवर रोवले. घशातून नाही. पोटातून.

“कुसूऽऽऽ!”

भाजीवालीच्या हातातून तराजू पडला. गल्लीतली कुत्री उठून उभी राहिली. माझ्यात एवढा आवाज आहे हे मलाच माहीत नव्हतं. भिंतीवर आपटून तो परत आला तेव्हा मी स्वतः दचकले.

आणि वर कडी वाजली.

बाई गॅलरीत आल्या, धावत. एका पायात बूट, दुसरा पाय अनवाणी. केस विस्कटलेले. त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. आधी लांब गल्लीकडे बघितलं, मग आभाळाकडे, मग इकडे तिकडे, घाबऱ्या घाबऱ्या, उशीर झालेल्या पोरीसारखं. मग खाली. मी उभी. त्यांचं तोंड उघडलं, गोल झालं. ओ. दिसली मला ती ओ, खालून स्पष्ट दिसली. ऐकू काहीच आलं नाही.

त्यांनी छातीवर हात नेला. शिट्टी नव्हती. आत पळाल्या, परत आल्या आणि मग जी काय शिट्टी वाजवली! थांबेचनात. आम्ही चौघी खाली एकमेकींच्या गळ्यात पडून रडतोय आणि हसतोय, मेकअपची पार वाट, आणि वरून शिट्टी चालूच. काका ओरडतायत, “अहो, बिल आलंय की नाही ते तरी सांगा!”

दुसरा बूटही घालून बाई खाली आल्या. पाळण्यापाशी बसल्या. सायलीने त्यांच्या कानात नाव सांगितलं. ‘आयरा’. बाईंनी डोळे मिटून ते सहन केलं. मग भुवया उंचावून विचारलं, नक्की? सायली म्हणाली, “नक्की.” एक शिट्टी.

त्यांनी बाळाच्या कानाशी तोंड नेलं आणि त्या उरलेल्या हवेने कुर्रर्र केलं. एवढं हळू कुर्रर्र त्यांनी आयुष्यात केलं नसेल. एरवी बाळं बारशात भोकाड पसरतात. हे टक्क डोळे उघडून ऐकत राहिलं. पाठीत धपाटे घालायला आमचे हात वर झाले होते, ते नुसतेच त्यांच्या पाठीवर टेकले.

मग बाईंनी मला बोटाने गॅलरी दाखवली. चाचणी राहिली होती. आमचा पहिला मजला, पण नियम म्हणजे नियम. मला तिसऱ्या मजल्यावर पिटाळलं आणि त्या स्वतः शिट्टी तोंडात धरून गेटपाशी जाऊन उभ्या राहिल्या. मी पोटातून मारली, “आयराऽऽ!” एक दार उघडलं नाही. एक मान वर झाली नाही. भाजीवालीने तराजू सावरत वर बघितलं.

“आज नाय गो! उद्या आणते!”

बाई गेटला धरून खालीच बसल्या. खांदे गदगदा हलत होते, डोळ्यातून पाणी, आवाज शून्य. दोन शिट्ट्या मारायला गेल्या तर हसण्यात त्याही फुटल्या. सायली खिडकीतून ओरडली, “तरी हेच ठेवणार!” बाईंनी तिला सॅल्यूट ठोकला.

मी धापा टाकत खाली पोचले. बाईंनी मला जवळ बोलावलं. वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. खोचलेली पैठणी, फिसकटलेलं काजळ, सुटलेला अंबाडा. माझी पाठ ताठ झाली. मग त्यांनी माझा कान धरला, शाळेत धरायच्या तसाच पिरगाळून, तोंडाशी ओढला आणि म्हणाल्या, “सापडलं गं. सुनीता आवाज.”

मी ओ दिली. गल्लीच्या तोंडापर्यंत गेली असेल.